खेकडा (आहार व निषेध)

खेकडा : आंबी (ता. मावळ, जि. पुणे) परिसरात पावसाळ्यात आवडीने खाल्ला जाणारा गोड्या पाण्यातील कवचधारी प्राणी. भातखाचरांच्या बांधांत बिळे करून राहतो. मृगाच्या सरी कोसळल्या की बाहेर पडतो आणि रात्री बत्तीच्या उजेडात धरला जातो. बारीक नांग्या पाट्यावर वाटून, पाणी घालून गाळतात. हे गाळलेले पाणी उकळत्या रश्शात पडताच रश्शाला दाटपणा येतो. खरी चव इथेच आहे, पेंद्यातल्या मांसात नव्हे.

आंबीजवळून वाहणाऱ्या इंद्रायणी नदीच्या काठीच देहू-आळंदीची वारकरी परंपरा आहे. गळ्यात तुळशीची माळ घातलेला वारकरी खेकड्याला शिवत नाही. एकाच घरात त्यामुळे दोन चुली मांडाव्या लागतात. इतरांनाही श्रावणात तो वर्ज्य.

असा निषेध इतरत्रही आढळतो. ज्यू धर्मशास्त्राने पर व खवले नसलेले जलचर निषिद्ध ठरवले, म्हणून खेकडाही बाद. हनफी मुसलमानही सहसा तो टाळतात. शांघायमध्ये मात्र शरदातला खेकडा मोठी मेजवानी मानतात. प्राणी घाण म्हणून निषेध जन्मतो, हे स्पष्टीकरण अपुरे आहे. मावळात खेकड्याची किळस नाही. व्रत आणि माळ यांची मर्यादा आहे. खाणाऱ्यांनी मात्र एक काळजी घ्यावी : कच्च्या खेकड्यातून फुप्फुसकृमीची बाधा होऊ शकते. म्हणून तो नीट शिजवणे आवश्यक.