लग्नगडी, बावटा आणि इंग्रजीचा पेपर

आजचा विषय ऐकायला रुक्ष आहे. अवघड इंग्रजी शब्द आणि साहित्यातल्या संज्ञा. कॉलेजात इंग्रजी साहित्य घेतलं की मेटाफर, मेटॉनिमी, युफेमिझम अशी यादी समोर येते आणि डहाणू-तलासरीची मुलं ती घोकतात. घरी वारली, शाळेत मराठी, आता हे. इतकं चढून आल्यावर वाटतं की आपल्या पाड्यावर यातलं काहीच नव्हतं.

आपण पाड्यावरूनच सुरुवात करू. साल १९४५. तलासरी तेव्हा उंबरगाव तालुक्यात होतं. वारली माणूस लग्नासाठी जमीनदाराकडून कर्ज काढी आणि ते फिटेपर्यंत नवरा-बायको दोघं त्याच्याकडे राबत. वही जमीनदाराची, हिशेब त्याचा, फिटणार कसं? अशा माणसाला म्हणत ‘लग्नगडी’.

शब्द किती साधा आहे बघा! गडी म्हणजे घरकामाचा नोकर, आणि सवंगडी-खेळगडी यांतलाही गडीच. गुलामी आहे, पण शब्दात ती दिसत नाही. कठोर गोष्टीला मऊ नाव, यालाच इंग्रजीत युफेमिझम म्हणतात. इंग्रजीत लग्नगड्याला ‘मॅरेज सर्फ’ म्हटलं गेलं. सर्फ हा शब्द लॅटिनमधल्या गुलाम या अर्थाच्या शब्दातून आलाय, म्हणून तिथे झाकलेलं उघडं पडतं. भाषांतर कधीकधी असंही उपयोगी पडतं.

२३ मे १९४५ रोजी झरी गावात परिषद भरली. वेठ करायची नाही, असं ठरलं. गोदावरी आणि शामराव परुळेकर किसान सभेचं काम करत होते, पण लोकांच्या तोंडी किसान सभा नव्हतीच, होता तो ‘लाल बावटा’. बावटा म्हणजे कापड. ते काही सभा घेत नाही. चिन्हाच्या नावाने संघटना ओळखायची, ही मेटॉनिमी. आपल्या जुन्या साहित्यशास्त्रात हे लक्षणेत येतं, म्हणजे संज्ञाही आपल्याकडे होतीच. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चौघं मारले गेले.

थोडं विषयांतर. याच १९४५ मध्ये डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला ताराबाई मोडकांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. अनुताई वाघ सोबत होत्या. पुढे १९५७ मध्ये काम कोसबादच्या टेकडीवर गेलं. माँटेसरीची महागडी साधनं परवडणार नव्हती, तेव्हा शंख-शिंपले, खडे, पानं, बिया हीच साधनं झाली. मुलं गुरं राखायला जात, तर शाळा कुरणात गेली. आम्ही आज शब्दांच्या बाबतीत तेवढंच करतोय. शिंपला इथलाच उचलायचा.

आता शेवटचा शब्द, मेटाफर. गोदावरीबाईंनी या लढ्यावर ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक लिहिलं. ते १९७० मध्ये आलं आणि १९७२ मध्ये त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. इथे कोणी झोपेतून उठत नाही. जागं होणं हे रूपक आहे, सरळसरळ मेटाफर. इंग्रजी आवृत्तीचं नाव मात्र ‘आदिवासीज रिव्होल्ट’. कोण आणि काय केलं, एवढंच. आम्हाला मराठी नाव जास्त आवडतं. पण इंग्रजीवर अन्याय नको. रिव्होल्टच्या मुळाशी लॅटिनमधली वळण्याची, उलटण्याची क्रिया आहे. तेही एके काळी रूपकच होतं, वापरून वापरून झिजलेलं. अशा शब्दाला इंग्रजीत ‘डेड मेटाफर’ म्हणतात, आणि यादीतली ही संज्ञाही तुम्हाला पेपरला येऊ शकते.