पणजोबा सापडतात, पण पणजी कुठे जाते? कासुर्डीतून वंशावळ शोधताना

आजचा भाग कासुर्डीचा. दौंड तालुक्यातलं, पुणे-सोलापूर हायवेलगतचं, यवतजवळचं गाव. प्रश्न साधा आहे: अशा गावातल्या घराला आपला खापरपणजोबा कागदावर शोधायचा असेल, तर सुरुवात कुठून करायची?

आधी जरा इंग्लंडला जाऊ. तिथे १५३८ साली थॉमस क्रॉमवेलने आदेश काढला की प्रत्येक पॅरिशने, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीने, बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची वही ठेवायची. वही टिकली असेल तर साधा शेतमजूरसुद्धा चारशे वर्षं मागे सापडतो.

आपल्याकडे अशी वही नव्हती. सरकारने आधी मोजली ती जमीन, माणसं नाहीत. इंग्रजांची रयतवारी मोजणी १८३५-३६ मध्ये आपल्या शेजारच्या इंदापुरातून नव्याने सुरू झाली. गोल्डस्मिड आणि विंगेट ही त्यातली मोठी नावं. म्हणून आपल्याकडे वंशावळ शोधायची म्हणजे जमिनीच्या मागे मागे जायचं.

इथे माझ्या कामातलं उदाहरण देतो. सातबारा म्हणजे ॲपची आजची स्थिती. खरा इतिहास असतो फेरफारात, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये. गिटची कमिट हिस्टरी समजा ना! अमुक मयत, वारस तमुक, नोंद मंजूर. सातबाऱ्यावर फेरफार क्रमांक असतात, ते एकेक उघडत मागे जायचं. काही तालुक्यांचे जुने फेरफार स्कॅन होऊन ऑनलाइन आलेत. नाहीच मिळाले तर तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करायचा.

मध्येच साखळी तुटते, तेव्हा घाबरू नका. १९४७ च्या एकत्रीकरण कायद्याखाली अनेक गावांत सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. कुठला गट कुठल्या सर्व्हे नंबरातून आला हे एकत्रीकरणाच्या तक्त्यात मिळतं. तो तक्ता नसेल तर तुम्ही चुकीच्याच घराण्याच्या मागे लागाल.

आणि ज्यांच्याकडे जमीनच नव्हती? त्यांच्यासाठी दोन वह्या महत्त्वाच्या. एक, गाव नमुना १४, म्हणजे जुनं जन्म-मृत्यू रजिस्टर, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात. दुसरी, शाळेचं जनरल रजिस्टर. जुन्या नोंदी बऱ्याचदा मोडीत असतात, त्यामुळे मोडी वाचणारा माणूस लागतोच.

हा नुसता हौसेचा विषय नाही बरं का. जात पडताळणीसाठी जुना पुरावा लागतो: अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा, भटक्या-विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा, ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा. २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समितीने कुणबी नोंदी शोधायला घेतल्या, तेव्हा याच धुळीतल्या वह्या बाहेर निघाल्या. एका ओळीवर कुणाचं ॲडमिशन, कुणाची नोकरी अडते.

याच पट्ट्यात लोकांनी एकदा कागद जाळलेसुद्धा. १२ मे १८७५ ला सुप्यात शेतकरी सावकारांवर उठले आणि कर्जाची खतं जाळली. लोण शिरूर, इंदापूर, पुरंदरपर्यंत गेलं. त्यांच्यासाठी कागद म्हणजे फास होता. आणि गंमत बघा, त्यानंतर आलेल्या १८७९ च्या कायद्याने गावपातळीवर दस्त नोंदवायची सोय केली. म्हणजे कागद वाढलेच!

आता मुद्द्याचं. या सगळ्या साखळीत बाप-मुलगा-नातू असं सरळ उतरत जातं. बाई आली तर बहुतेक विधवा म्हणून, वारस म्हणून. मुलींची नावं कितीदा 'इतर हक्का'त ढकललेली, नाहीतर हक्कसोड करून पुसलेली. लग्नानंतर नाव बदलायची पद्धत, त्यामुळे माहेरचं नाव हरवलं की तिच्या मागचं अख्खं गाव हरवलं. २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क मिळाला. १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या सरकारी कागदांवर आईचं नावही येतं. पण मागच्या पिढ्यांचं काय?

त्यांचं रजिस्टर अजून घरात आहे. पणजीचं माहेर, तिच्या बहिणी, तिची मेलेली लेकरं हे आजीला तोंडपाठ असतं. फेरफार उद्याही मिळेल, नकलेची फी भरली की झालं. आजीची नक्कल मात्र कुठल्याच कार्यालयात मिळत नाही.

म्हणून या आठवड्याचा गृहपाठ: फोनचा रेकॉर्डर चालू करा आणि तीनच प्रश्न विचारा. आजी, तुझ्या आईचं नाव काय? सासूचं काय? आणि त्या दोघींची माहेरं कुठली? उत्तरं तारखेसकट लिहून ठेवा.

पुढच्या भागात मोडी अक्षरांची तोंडओळख करून घेऊ. तोवर भेटूया, काळजी घ्या!