दिल्लीच्या बसचा काळा धूर
नव्वदच्या दशकातली दिल्ली आठवते? बस पुढे गेली की मागे काळा लोट, रुमालावर काजळी. डोळ्यांना दिसते ती काजळी. न दिसणारे बारीक कण थेट फुप्फुसाच्या वायुकोशांत उतरतात, दमा बळावतो, हृदयालाही सोडत नाहीत. वकील एम. सी. मेहता यांच्या १९८५ च्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने जुलै १९९८ मध्ये बजावले: ३१ मार्च २००१ पर्यंत सगळ्या बस सीएनजीवर आणा. मुदत टळली, पंपांवर लांबच लांब रांगा लागल्या, प्रवाशांचे हाल झाले. तरी डिसेंबर २००२ पर्यंत शहरातल्या डिझेल बस गेल्या. पुढे खासगी गाड्या इतक्या वाढल्या की हवा पुन्हा बिघडली. आणि हो, तुमच्या गाडीची पीयूसी त्या दिवसापुरती. एअर फिल्टर चोंदला की धूर परत सुरू.