शिस्त आणि जबाबदारी : अलीगढच्या विद्यार्थीजीवनाचा एक अभ्यास

प्रास्ताविक

महाविद्यालयाच्या आवारातील बेशिस्तीचा विषय शिक्षकांच्या बैठकीत निघाला की चर्चा बहुधा दोन टोकांना जाते. काहींच्या मते नियम कडक केल्याशिवाय गत्यंतर नाही. काहींच्या मते वयच तसे असते, दुर्लक्ष करावे. या दोन्ही मतांत एक प्रश्न राहून जातो : कोणी पाहत नसतानाही विद्यार्थी जबाबदारीने वागतो, तो कशामुळे? प्रस्तुत लेखात अलीगढच्या मोहमेडन अँग्लो-ओरिएंटल कॉलेजच्या इतिहासाच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे. उर्दूत ‘तालीम’ आणि ‘तरबियत’ हे शब्द जोडीने उच्चारले जातात. तालीम म्हणजे शिक्षण आणि तरबियत म्हणजे संस्कार, घडण. तरबियतीचा हेतू मनात धरून उभारलेल्या भारतातील आधुनिक महाविद्यालयांत अलीगढचे स्थान महत्त्वाचे आहे.

निवासी महाविद्यालयाची कल्पना

सर सय्यद अहमद खान १८६९-७० मध्ये इंग्लंडमध्ये होते. केंब्रिजची महाविद्यालये त्यांनी पाहिली. तेथे विद्यार्थी आणि अध्यापक एकाच आवारात राहतात, एकत्र जेवतात, खेळतात, वाद घालतात, ही गोष्ट त्यांच्या मनावर ठसली. मे १८७५ मध्ये अलीगढ येथे शाळा सुरू झाली आणि ८ जानेवारी १८७७ रोजी लॉर्ड लिटन यांच्या हस्ते महाविद्यालयाची कोनशिला बसवण्यात आली. हे महाविद्यालय केवळ मुसलमानांसाठी नव्हते. त्याचे पहिले पदवीधर ईश्वरी प्रसाद हे हिंदू होते.

वसतिगृह हा या योजनेचा कणा होता. दूरदूरच्या जिल्ह्यांतून, कुलीन पण पडत्या काळातल्या घराण्यांतून मुले येत. घरी नोकरचाकर, येथे मात्र ठरलेली वेळ, एकच भोजनगृह आणि सर्वांना सारखा पोशाख. थोरल्या विद्यार्थ्यांकडे धाकट्यांची देखरेख सोपवलेली असे. घराण्याचा मान बाजूला ठेवून एकमेकांशी बरोबरीने वागायला शिकणे, ही तरबियतीची पहिली पायरी होती.

युनियन क्लब आणि अंजुमन-उल-फर्ज

थिओडोर बेक १८८३ साली प्राचार्य म्हणून आले. ते केंब्रिज युनियनचे अध्यक्ष राहिलेले होते. १८८४ मध्ये अलीगढला सिडन्स युनियन क्लब स्थापन झाला. पदाधिकारी निवडणे, सभेचे नियम पाळणे, विरोधकाचे बोलणे शेवटपर्यंत ऐकून घेणे या सवयी विद्यार्थ्यांना तेथे लागल्या. पुस्तकातून न शिकवता येणारा हा नागरिकशास्त्राचा धडाच होता.

याहून वेगळा प्रयोग म्हणजे १८९० च्या सुमारास स्थापन झालेली अंजुमन-उल-फर्ज, म्हणजेच ड्यूटी सोसायटी. साहबजादा आफताब अहमद खान यांच्यासारखे विद्यार्थी आणि अध्यापक थॉमस अर्नोल्ड यांचा तिच्यामागे पुढाकार होता. गरजू विद्यार्थ्यांचे शिक्षण पैशाअभावी थांबू नये, हा तिचा उद्देश. सुटीत विद्यार्थी गावोगाव जाऊन वर्गणी गोळा करत. श्रीमंत घरातल्या मुलाने दुसऱ्याच्या फीसाठी लोकांपुढे हात पसरायचा, गोळा केलेल्या पैशाचा हिशेब द्यायचा, नकार मिळाला तर तो सभ्यपणे स्वीकारायचा, यात जी घडण होते ती कोणत्याही नियमपुस्तिकेने होत नाही. ‘फर्ज’ हा शब्द येथे वरून आलेला हुकूम राहिला नाही. विद्यार्थ्यांनी तो स्वतः अंगावर घेतला होता.

बेक आणि अर्नोल्ड विद्यार्थ्यांत मिसळत. अर्नोल्ड हिंदी मुसलमानांचा पोशाखही वापरत. या जवळिकीची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. विद्यार्थ्यांना काँग्रेसच्या राजकारणापासून दूर ठेवण्यासाठी बेक यांनी आपले वजन खर्च केले. जबाबदार विद्यार्थी आणि आज्ञाधारक प्रजाजन यांतील सीमारेषा त्या काळी पुसट होती.

१९०७ चा संप

ही सीमारेषा १९०७ मध्ये स्पष्ट झाली. सर सय्यद १८९८ मध्ये आणि बेक १८९९ मध्ये निवर्तले होते. डब्ल्यू. ए. जे. आर्चबोल्ड प्राचार्य होते. फेब्रुवारी १९०७ मध्ये अलीगढच्या प्रदर्शनात एका विद्यार्थ्याची पोलिसाशी बाचाबाची झाली. प्रकरण शिक्षेपर्यंत गेले, विद्यार्थ्यांनी संप केला आणि महाविद्यालय काही काळ बंद ठेवावे लागले.

निमित्त किरकोळ होते, कारण मात्र खोल होते. युरोपीय अध्यापक आणि विद्यार्थी यांच्यातील जुना जिव्हाळा आटला होता. तक्रार ऐकून घेणारे कोणी आहे, हा विश्वास उरला नव्हता. मानद सचिव नवाब मोहसिन-उल-मुल्क यांना मध्ये पडावे लागले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्यानंतर आलेले नवाब विकार-उल-मुल्क यांचा अधिकारांच्या प्रश्नावर प्राचार्यांशी संघर्ष झाला आणि १९०९ मध्ये आर्चबोल्ड पायउतार झाले. हे दोन्ही नवाब पूर्वी हैदराबाद संस्थानच्या सेवेत होते, हे हैदराबादकर वाचकांना ठाऊक असेलच. ज्या युनियनमध्ये मुले बोलायला शिकली, त्याच मुलांचे म्हणणे व्यवस्थेने ऐकले नाही, हा या घटनेतील विरोधाभास शिक्षकांनी ध्यानात घेण्याजोगा आहे.

जामिया : स्वीकारलेली शिस्त

ऑक्टोबर १९२० मध्ये महात्मा गांधी आणि अली बंधू अलीगढला आले. सरकारी अनुदान नाकारावे, असे त्यांचे आवाहन होते. काही विद्यार्थी आणि अध्यापक बाहेर पडले आणि २९ ऑक्टोबर १९२० रोजी जामिया मिल्लिया इस्लामियाची स्थापना झाली. बाहेर पडलेल्यांत हैदराबादला जन्मलेले झाकिर हुसेन होते. १९२५ मध्ये जामिया दिल्लीला गेली. जर्मनीहून परतल्यावर १९२६ मध्ये झाकिर हुसेन तिचे कुलगुरू झाले.

तेथील शिस्तीचा आरंभ अध्यापकांपासून झाला. दरमहा १५० रुपयांहून अधिक वेतन न घेता २० वर्षे सेवा करण्याची प्रतिज्ञा त्यांनी केली. प्राथमिक शाळेत अब्दुल गफ्फार मुधोली यांनी प्रकल्प पद्धत रुजवली. मुले स्वतः बँक आणि दुकान चालवत. हिशेब चुकला तर छडीची गरज नसे, कारण तोटा सर्वांनाच दिसे.

आपल्याकडेही याच काळात असा प्रयोग झाला. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सुरू केलेल्या वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहून, श्रम करून शिकत. दिल्ली आणि सातारा यांचा परस्परांशी संबंध नव्हता, तरी दोन्हीकडे निष्कर्ष एकच निघाला : कामाचा वाटा दिल्याशिवाय जबाबदारीची जाणीव येत नाही.

समारोप

आज आपल्या हाताशी कायदे आहेत. महाराष्ट्राने १९९९ मध्ये आणि गोव्याने २००८ मध्ये रॅगिंगविरोधी कायदे केले. विद्यापीठ अनुदान आयोगाची यासंबंधीची विनियमावली २००९ ची आहे. हे कायदे आवश्यकच आहेत, कारण थोरल्यांवर सोपवलेली देखरेख छळात बदलू शकते. पण कायदा गैरवर्तन रोखतो, सद्वर्तन घडवत नाही. अलीगढच्या इतिहासातून त्यासाठी तीन गोष्टी हाती लागतात. विद्यार्थ्यांना खरे काम आणि त्याचा खरा हिशेब सोपवावा. त्यांची तक्रार ऐकण्याची वाट कायम खुली ठेवावी. आणि जी शिस्त आपण त्यांच्याकडे मागतो, ती आधी आपल्या वागण्यात दिसावी. यासाठी मोठा निधी लागत नाही. गरजू विद्यार्थ्यांसाठी विद्यार्थ्यांनीच चालवलेला एखादा छोटा निधी आपल्यापैकी प्रत्येक महाविद्यालयात सुरू होऊ शकतो. तरबियतीचा आरंभ तेथूनही होईल.