विरलेल्या सुरांचे काय होते?

मैफल संपते, दिवे मालवतात आणि गाणे हवेत विरून जाते. मग त्या गाण्याचे काय होते? ध्वनिमुद्रणाच्या सोयीमुळे आपल्याला हा प्रश्न फारसा पडत नाही. परंतु व्हिक्टोरिया राणीच्या काळातील इंग्रज कवींच्या तो जिव्हाळ्याचा होता. टेनिसनने १८४८ साली आयर्लंडातील किलार्नीच्या सरोवरावर शिंगाचे प्रतिध्वनी ऐकले आणि त्यांचे गीत करून १८५० मध्ये 'द प्रिन्सेस'च्या नव्या आवृत्तीत घातले.

पण या प्रश्नाचा खरा पाठपुरावा केला तो रॉबर्ट ब्राउनिंगने. लहानपणी त्याने संगीताचे रीतसर धडे घेतले होते. १८५५ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या एका कवितेत, इंग्लंडबाहेर कधी पाऊल न टाकलेला एक गृहस्थ गालुप्पी (१७०६–१७८५) या व्हेनिसच्या संगीतकाराच्या रचनेत रमला आहे. त्या सुरांतून त्याला तिथले मुखवट्यांचे नाच आणि प्रेमात दंग असलेली जोडपी दिसू लागतात. घटकाभर गाणे ऐकून ती पुन्हा आपल्या रंगात रमतात. आता त्या साऱ्यांची माती झाली, या जाणिवेने त्याच्या अंगावर शहारा येतो.

१८६१ साली ब्राउनिंगची पत्नी, कवयित्री एलिझाबेथ, फ्लॉरेन्स येथे वारली. १८६४ च्या संग्रहात त्याने फोगलर (१७४९–१८१४) या जर्मन पाद्री-वादकाला बोलते केले. स्वतः बनविलेल्या वाद्यावर उत्स्फूर्त वाजवून तो नुकताच थांबला आहे. सुरांचा महाल क्षणात नाहीसा झाला. परंतु या खेपेस उत्तर निराळे आहे: जे चांगले होते ते ईश्वरापाशी शाबूत राहते! मग फोगलर शांतपणे नेहमीच्या साध्या सुरावर उतरतो. हा फरक मला निव्वळ तत्त्वज्ञानाचा वाटत नाही. एका विधुराने स्वतःलाच दिलेला तो धीर असावा.

पुढे १८७७ साली एडिसनने फोनोग्राफ शोधला. ७ एप्रिल १८८९ रोजी चित्रकार लेहमन यांच्या लंडनमधील घरी ब्राउनिंग त्या यंत्रासमोर आपली कविता म्हणू लागला, आणि काही ओळींतच शब्द विसरला! दिलगिरी व्यक्त करून त्याने यंत्राची वाखाणणी केली. त्याच वर्षी डिसेंबरात, गालुप्पीच्या व्हेनिसमध्येच, त्याने देह ठेवला. तो खरखरणारा, अडखळणारा आवाज मात्र आजही ऐकता येतो. आणि वाचकहो, त्यातले ते अडखळणेच मला सर्वांत जास्त भावते.