सुई, दोरा आणि घर

श्रोते हो, खालापूर तालुक्यातले चौक गाव आपणांपैकी पुष्कळांना ठाऊक असेल. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरचे हे गाव. जवळच इरशाळगड आणि माथेरानचा डोंगर. १८५० च्या मे महिन्यात ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांचा मुक्काम चौकला होता. इथूनच ते डोंगर चढून गेले आणि माथेरानचे नाव बाहेरच्या जगाला कळले. डोंगरातल्या माणसांना तो माथा आधीपासूनच माहीत होता, ही गोष्ट वेगळी.

मॅलेटसाहेबांची हकिकत पुस्तकांत आली. पण त्या काळी आपल्या घरांतल्या बायका उन्हाळ्याच्या दिवसांत काय करीत होत्या, ते कोण लिहून ठेवणार? पावसाळा तोंडावर आला की जुनी लुगडी, धोतरे धुऊन काढायची, एकावर एक अंथरायची आणि गोधडी शिवायला बसायचे, ही आपल्याकडची जुनी रीत. थोरली बाई टाका घालून दाखवी, धाकटी तिच्याकडे पाहून शिके. पहिला टाका धावदोऱ्याचा. तो वाकडा गेला तरी कुणी रागवत नसे. गोधडी पोटाला धरून ऊब देते, टाक्याचा सरळपणा ती विचारीत नाही!

आता पाहा, पूर्वी आपल्या अंगावर शिवलेले कापड फार नसे. लुगडे बिनशिवणीचे, धोतर बिनशिवणीचे, उपरणेही तसेच. अंगरखे आणि चोळ्या शिवणारा शिंपी. संत नामदेव याच शिंपी समाजातले. घरच्या सुईला काम असे ते गोधडीचे, वाकळेचे, बाळाच्या कुंचीचे, दुपट्याचे आणि ठिगळाचे.

पुढे यंत्र आले. १८४६ मध्ये अमेरिकेत इलायस होव यांनी शिवणयंत्राचे पेटंट घेतले. हातसुईचे नेढे मागे असते. त्यांनी ते टोकाजवळ नेले आणि दुसरा दोरा खालून आणून टाक्यात अडकवला. १८५१ मध्ये आयझॅक सिंगर यांनी अधिक सोयीच्या यंत्राचे पेटंट घेतले. म्हणजे मॅलेटसाहेब चौकहून डोंगर चढले, त्याच्या जरा मागेपुढेच हे घडत होते. १८५४ मध्ये मुंबईत कावसजी दावर यांनी कापडगिरणीचा पाया घातला. १८५६ मध्ये आगगाडी खोपोलीपर्यंत आली. हळूहळू गिरणीचे कापड आणि शिवणयंत्र ही दोन्ही बाजारपेठेच्या गावी दिसू लागली.

परंतु शिवणकामाचा खरा इतिहास यंत्राचा नव्हे, माणसांचा आहे. त्या काळी तरुणपणी विधवा झालेल्या बाईने जावे कुठे? माहेरी ओझे, सासरी ओझे. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये पुण्यात अनाथ बालिकाश्रम सुरू केला. १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांनी गोपाळ कृष्ण देवधर यांच्या साहाय्याने पुण्याचे सेवासदन उभे केले, तेही स्वतःच्या राहत्या वाड्यात. तिथे लिहिण्यावाचण्याबरोबर शिवणकामाचेही वर्ग चालत. शिवण हे बायकांचेच काम, असे म्हणून घरची मंडळी मुलीला पाठवायला सहज तयार होत. सुईच्या निमित्ताने बाई उंबऱ्याबाहेर पडे आणि तिथे अक्षरही शिके. स्वतःच्या हाताने मिळवलेले चार पैसे पदरी आले की तिच्या शब्दाला घरात वजन येई.

महात्मा गांधी यंत्रांच्या हव्यासाविरुद्ध बोलत. पण १९२४ मध्ये त्यांनीच शिवणयंत्राचा अपवाद केला. पत्नीचे कष्ट पाहून सिंगरने ते घडवले, असे त्यांचे म्हणणे होते. १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेनंतर हस्तकौशल्याला शाळेत मानाचे स्थान मिळाले.

आता नवशिक्या मुलामुलींनी आरंभ कशाने करावा? उशीच्या अभ्र्याने. मांजरपाट आधी भिजवून वाळवावा, नाहीतर पहिल्याच धुण्यात अभ्रा आटतो. उशी २४ इंच लांब व १६ इंच रुंद असेल, तर कापड ५६ इंच लांब व १७ इंच रुंद घ्यावे. दोन्ही टोकांना एकेक इंच दुमडून शिवावे. मग २४ इंचांवर घडी घातली की ६ इंचांची झडप उरते. ती आत वळवून कडेच्या शिवणी घालाव्या. त्यांसाठी दोन्हीकडे अर्धा अर्धा इंच ठेवलेलाच आहे. बटण नको, नाडी नको.

शिक्षक बंधुभगिनींनो, एकदा मुलांना घरची जुनी गोधडी शाळेत आणायला सांगा. कोणता तुकडा आजीच्या लुगड्याचा, कोणता आजोबांच्या सदऱ्याचा, ते घरी विचारून येऊ द्या. ज्या बाईने ती शिवली तिचे नाव फळ्यावर लिहा. मॅलेटसाहेबांचे नाव पुस्तकात आहेच. तिचे नाव निदान एक दिवस तरी फळ्यावर राहू द्या.