कामगाराची पहिली रायफल

नेमबाजी शिकू इच्छिणाऱ्या माणसाने पहिली रायफल कोणती घ्यावी, हा प्रश्न वरवर पाहता दुकानदाराचा आहे. इतिहासाच्या व्यासपीठावर त्याचे काय काम, असे कोणी विचारील. परंतु आम्हा कामगार चळवळीतील माणसांना एक सवय जडलेली आहे. वस्तू पाहिली की ती कोणाला परवडते, कोणाला मिळते आणि कोणाला मिळू दिली जात नाही, हे आम्ही आधी विचारतो. या रीतीने पाहिले म्हणजे पहिल्या रायफलीची निवड ही केवळ हौसेची बाब राहत नाही. तिच्यात खिसा, जागा आणि कायदा या तिघांचा हात असतो. हा प्रश्न साध्या कामकऱ्याच्या दारी मोठ्या प्रमाणावर आला तो इंग्लंडात, या शतकाच्या नव्हे, मागच्या शतकाच्या आरंभी. म्हणून प्रथम तिकडे जाऊ.

त्याआधी ज्या काडतुसामुळे हे शक्य झाले त्याची ओळख करून घेतली पाहिजे. त्याला रिमफायर म्हणतात. पितळेच्या छोट्या नळकांडीच्या बुडाशी एक पोकळ कडा असते. पेट घेणारे रसायन त्या कडेच्या आत भरलेले असते. रायफलीची खीळ त्या कडेवर आपटली की कडा चेपते, रसायन पेटते आणि दारू भडकून शिशाची गोळी सुटते. कडा चेपावी म्हणून पितळ पातळ ठेवावे लागते. पितळ पातळ म्हणून आतला दाब बेताचा ठेवावा लागतो. दाब बेताचा म्हणून दारू थोडी, आवाज थोडा, खांद्याला धक्का जवळजवळ नाही. आणि या साऱ्यामुळे किंमतही थोडी. एकदा वापरलेले काडतूस पुन्हा भरता येत नाही हे खरे, पण ते मुळातच इतके स्वस्त की त्याची खंत कोणी केली नाही.

पॅरिसच्या फ्लोबेर नावाच्या कारागिराने १८४५ साली असे छोटे काडतूस दिवाणखान्यातील नेमबाजीसाठी प्रथम बनविले. अमेरिकेत स्मिथ आणि वेसन यांनी १८५७ साली ०.२२ इंच व्यासाचे काडतूस आपल्या रिव्हॉल्व्हरसाठी काढले. १८८७ साली तेथीलच स्टीव्हन्स कंपनीने लांब नळकांडी आणि ४० ग्रेन, म्हणजे सुमारे अडीच ग्रॅम, वजनाची गोळी यांची सांगड घातली. तेच आजही जगभर नेमबाजीच्या मैदानावर वापरले जाणारे ‘पॉइंट टू-टू लाँग रायफल’ काडतूस. श्रीमंतांच्या दिवाणखान्यात जन्मलेली ही वस्तू पुढे कामगारांच्या हाती आली, आणि ती एका युद्धाच्या मार्गाने आली.

ऑक्टोबर १८९९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध सुरू झाले. डिसेंबरच्या एकाच आठवड्यात स्टॉर्मबर्ग, माखर्सफोंटेन आणि कोलेन्सो या तीन ठिकाणी ब्रिटिश फौजा मागे रेटल्या गेल्या. समोर कवायती सैन्य नव्हते. शेतकरी होते, पण लहानपणापासून बंदूक हाताळलेले आणि दुरून अचूक नेम धरणारे. साम्राज्याच्या राजधानीला धक्का बसला. आपला शिपाई शहरातल्या गल्लीत वाढलेला, त्याने भरतीपूर्वी कधी रायफल पाहिलेली नाही, हे राज्यकर्त्यांच्या ध्यानात आले. १९०० साली पंतप्रधान लॉर्ड सॉल्झबरी यांनी जाहीर भाषणात रायफल क्लबांचा पुरस्कार केला. २३ मार्च १९०१ रोजी लंडनमध्ये ‘सोसायटी ऑफ वर्किंग मेन्स रायफल क्लब्ज’ स्थापन झाली. मेजर-जनरल ल्यूअर्ड हे तिच्या खटपटीत पुढे होते. नाव लक्षात घेण्याजोगे आहे. कामकऱ्यांच्या रायफल क्लबांची संस्था! १९०३ साली ती दुसऱ्या एका संघटनेशी एक होऊन ‘सोसायटी ऑफ मिनिएचर रायफल क्लब्ज’ झाली, आणि १९४७ पासून ती ‘नॅशनल स्मॉल-बोअर रायफल असोसिएशन’ या नावाने चालते.

आता खिशाकडे पाहू. यॉर्क शहरातील दारिद्र्याची पाहणी करून सीबोम रौंट्री यांनी १९०१ साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात नवरा, बायको आणि तीन मुले यांना केवळ जगण्यापुरते आठवड्याला २१ शिलिंग ८ पेन्स लागतात असा हिशेब मांडला होता. यॉर्कमधील अनेक मजुरांना तेवढेही मिळत नव्हते. घराच्या आवाराबाहेर बंदूक न्यायची तर १८७० च्या कायद्याने वर्षाला दहा शिलिंगांचा परवाना लागे. म्हणजे बंदूक विकत घेणे दूरच, ती नुसती रस्त्याने नेण्यासाठी कुटुंबाच्या जवळजवळ अर्ध्या आठवड्याची भाकरी मोजावी लागे. अशा माणसाला ‘पहिली रायफल कोणती घेशील?’ असे विचारणे ही थट्टाच होय.

उत्तर निघाले ते आम्हा संघटना करणाऱ्यांच्या ओळखीचे आहे. जे एकट्याला परवडत नाही ते वर्गणीने परवडते. क्लबाने दोन-चार रायफली घ्यावयाच्या, त्या कपाटात ठेवावयाच्या, सभासदांनी पाळीपाळीने वापरावयाच्या, आणि जो तो आपल्या काडतुसांचे पैसे देईल. जागेचा प्रश्नही छोट्या काडतुसाने सोडविला. सैनिकी रायफलीला शेकडो वार मोकळे मैदान लागते. शहरी कामगाराला ते कोठून मिळणार? पंचवीस वारांचे अंतर मात्र एखाद्या सभागृहात किंवा कारखान्याच्या लांब कोठारात मापता येते. गोळीच्या मागे भक्कम आडोसा मात्र हवाच, कारण ही छोटी गोळी मोकळ्यावर मैलाहून दूर जाऊ शकते. कामाची पाळी संपल्यावर, दिव्याच्या उजेडात, पावसाळी संध्याकाळी खेळता येणारा हा खेळ झाला.

मग क्लबाने कोणती रायफल निवडावयाची? येथे दोन घराणी समोर येतात. पहिले मार्टिनीचे. मार्टिनी-हेन्री ही ब्रिटिश सैन्याने १८७१ साली स्वीकारलेली एकबारी रायफल. खालची तरफ ओढली की मागचा ठोकळा खाली उतरतो, काडतूस आत सरकवावयाचे, तरफ वर. १८८८ नंतर सैन्याला अनेकबारी रायफली मिळू लागल्या आणि जुन्या मार्टिनी निकामी ठरल्या. त्यांपैकी कितीतरी बारीक नळ्या बसवून नेमबाजीसाठी पुन्हा कामाला लावण्यात आल्या. पुढे बर्मिंगहॅमच्या बी. एस. ए. कारखान्याने याच धर्तीवर खास छोट्या मार्टिनी रायफली बनविल्या आणि त्या क्लबांत फार लोकप्रिय झाल्या. दुसरे घराणे खटक्याच्या दांड्याचे, ज्याला बोल्ट म्हणतात. १९०६ साली युद्धखात्याने मान्य केलेली ‘वॉर ऑफिस मिनिएचर रायफल’ याच जातीची होती. सरकारची इच्छा अशी की खेळताना हाताला जी सवय लागेल ती सैनिकी रायफलीला उपयोगी पडावी.

या दोहोंतील भेद कारागिराच्या नजरेने पाहण्यासारखा आहे. मार्टिनीचा ठोकळा भक्कम, खीळ चपळ, म्हणून चाप ओढल्यावर गोळी सुटेपर्यंतचा वेळ थोडा आणि तेवढ्यात हात हलण्याची भीती कमी. पण तिची नळी साधारणपणे पुढच्या तोंडाकडून साफ करावी लागे. त्या काळच्या काडतुसांतील रसायनाने नळी गंजत असे, म्हणून रोज सफाई अटळ होती. सफाईची सळई पुढच्या तोंडाशी घासत राहिली तर नेमकी तीच जागा झिजते जेथून गोळी बाहेर पडते, आणि मग नेम गेलाच. दांड्याच्या रायफलीचा दांडा काढला की मागून सफाई करता येते. ज्या क्लबात शिस्त होती तेथे मार्टिनी वर्षानुवर्षे टिकली. ज्या क्लबात ‘सर्वांची म्हणजे कोणाचीच नाही’ असा कारभार होता, तेथे चांगली रायफलही लवकर वाया गेली. न गंजणारी काडतुसे विसाच्या दशकाच्या अखेरीस आली तेव्हा हा जाच कमी झाला.

बाकीच्या कसोट्या आजही बदललेल्या नाहीत. दस्त्याची लांबी खांद्याला आणि मानेला जुळली पाहिजे. वजन इतके असावे की नळी डोलणार नाही, पण इतके नसावे की दहाव्या गोळीला हात थरथरेल. चाप दरवेळी सारख्याच जोराने सुटला पाहिजे. मागचे भिंग नसलेले भोक आणि पुढची माशी यांची मापे बारकाईने फिरविता आली पाहिजेत. एकाच बनावटीच्या दोन रायफलींना वेगवेगळ्या कारखान्यांची काडतुसे मानवतात, तेव्हा ती मारून पाहिल्याशिवाय ठरवू नये. आणि नवख्याने नवी कोरी महाग रायफल घेण्याऐवजी क्लबातील चांगली रायफल काही महिने वापरावी व वाचलेला पैसा काडतुसांवर घालावा. नेम काडतुसांनी सुधारतो, पॉलिशने नव्हे.

१९०८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये या छोट्या रायफलीच्या स्पर्धा झाल्या. ५० आणि १०० यार्डांच्या पालथे पडून मारण्याच्या स्पर्धेत आर्थर कार्नेल हा इंग्रज ४०० पैकी ३८७ गुण मिळवून पहिला आला. ही स्पर्धा जुलै महिन्यातली. त्याच जुलै १९०८ मध्ये मुंबईत लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला, आणि त्यांच्यावर लष्कराने गोळ्या झाडल्या. एकाच साम्राज्यात, एकाच महिन्यात, एका ठिकाणी रायफल खेळ होती आणि दुसऱ्या ठिकाणी उत्तर होती.

आमच्याकडे १८७८ चा शस्त्रकायदा लागू होता. हिंदी माणसाला परवान्याशिवाय शस्त्र बाळगता येत नसे, युरोपियनांना मात्र सूट होती. या पक्षपाताविरुद्ध काँग्रेसने आरंभीच्या काळापासून ठराव केले. इंग्लंडातील क्लबांचे थोर आश्रयदाते फील्ड मार्शल लॉर्ड रॉबर्ट्स यांचा जन्म १८३२ साली कानपूरला झालेला, आणि १८८५ ते १८९३ ते हिंदुस्थानचे सरसेनापती होते. लंडनच्या मजुराने नेम शिकलाच पाहिजे असे म्हणणारा हा सेनानी येथे मात्र ‘लढवय्या जाती’चा सिद्धान्त मानणारा, आणि मद्रास व मुंबईकडच्या शिपायांना हलके लेखणारा होता. त्याच सुमारास, गेल्या शतकाच्या आधीच्या शतकातील नव्वदीच्या आरंभी, महारांची सैन्यभरती बंद झाली. ज्यांच्या वाडवडिलांनी पिढ्यान्‌पिढ्या बंदूक वाहिली त्यांच्या मुलांना दार बंद झाले.

परंतु इंग्रज कामगाराच्या हाती रायफल आनंदाने दिली गेली असेही समजू नये. १८९३ साली फेदरस्टोन येथे टाळेबंदीत सापडलेल्या खाणकामगारांवर सैन्याने गोळीबार केला, दोघे मेले. ऑगस्ट १९११ मध्ये लिव्हरपूलला दोन आणि रेल्वे संपात लानेली येथे दोन माणसे सैनिकांच्या गोळ्यांनी पडली. शिपायांनी संपवाल्यांवर गोळी झाडू नये, असे आवाहन छापल्याबद्दल १९१२ साली कामगारनेते टॉम मान यांना तुरुंगात जावे लागले. आणि महायुद्ध संपून कामगार वर्ग अस्वस्थ झाला तेव्हा १९२० चा शस्त्रकायदा आला. रायफलीसाठी पोलिसप्रमुखाचा दाखला आवश्यक ठरला. मंत्रिमंडळाच्या त्या वेळच्या चर्चेत क्रांतीची भीती उघड बोलली गेली होती. साम्राज्यासाठी नेम धरणारा कामगार हवा होता, स्वतःसाठी उभा राहणारा नको होता. तरीही सरकारमान्य क्लबाच्या सभासदाला क्लबातील सरावापुरती दाखल्यातून सूट राहिली. म्हणजे एकट्याचे दार अरुंद झाले, पण मंडळीचे उघडे राहिले.

स्वतंत्र भारताचा मार्गही याच दिशेने गेला. १९५१ साली लोकसभेचे पहिले सभापती दादासाहेब मावळंकर यांच्या पुढाकाराने राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली. १९५९ च्या शस्त्रकायद्याने मान्य क्लबाच्या सभासदाला नेमबाजीच्या सरावासाठी ‘पॉइंट टू-टू’ रायफलीचा परवाना देण्याची खास तरतूद केली. पहिली रायफल क्लबाच्या दारातूनच येते, हे कायद्यानेही मान्य केले. या दाराने कोण आत आले? कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला ५० मीटर प्रोन प्रकारात जगज्जेत्या झाल्या. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर तीन अवस्थांच्या प्रकारात कांस्यपदक मिळविले. ते मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होते. रेल्वे कामगारांची ही बातमी आम्हाला विशेष सुखावून गेली. हे दोन्ही प्रकार त्याच कडेवर पेटणाऱ्या छोट्या काडतुसाचे.

परंतु एक-दोन नावांनी आम्ही समाधान मानू नये. चांगली परदेशी रायफल आणि सरावाची काडतुसे आजही मजुराच्या घराला झेपणारी नाहीत. पोराच्या हातात गुण असला तर बापाने कर्ज काढावे, ही काही व्यवस्था नव्हे. आमच्या कामगार कल्याण केंद्रांतून नाटके होतात, कबड्डीचे सामने होतात. त्यांच्या जोडीला तालुक्यागणिक एखादी सुरक्षित लांब खोली, कुलपात ठेवलेल्या चार सांघिक रायफली, जाणता शिक्षक आणि वर्गणीच्या दरात काडतुसे एवढे झाले, तर पहिली रायफल कोणती घ्यावी हा प्रश्न पुष्कळ मुलांना खरोखर विचारता येईल. १९०१ साली युद्धाच्या निकडीने जे एका सरकारला सुचले, ते शांततेत आणि खेळासाठी आम्हाला सुचण्यास कोणती अडचण आहे?